समर्पणपत्राचा मजकूर

दिल्ली,
रविवार, १३ फेब्रुवारी २०११

प्रिय वृंदा,

सप्रेम सलाम.

फोनवर तू मला तीन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. आई कशी आहे, औषधं आहेत ना, ठेवते. म्हणून शेवटी कागद काढला. मराठीतून लिहितोय, तेव्हा तुला वाचायला वेळ लागेल. पहाडगंजच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकूनही 'कोनाडा' म्हणजे काय, हे मला विचारणारी मुलगी तू! अडलेले शब्द खुशाल सोडून दे. या पत्रातले महत्त्वाचे शब्द सगळे सोपेच आहेत.

आधी आईचं. ऑक्टोबरातल्या झटक्यानंतर उजवा हात अजून साथ देत नाही, पण पाय थोडे सुधारलेत. डावा हात भिंतीला लावून ती पलंगापासून मोरीपर्यंत एकटी जाते. मध्ये कपाटाचा कोपरा येतो, तिथे थांबते, कपाटाला थोपटते आणि वळते. मी मागे उभा राहतो, पण तिला ते आवडत नाही. परवा मला म्हणाली, "साळवेबाबू, रविवारचं पत्रक छापून झालं का?" म्हणजे मी नवरा आहे हे विसरली, पण चर्चचा कारकून आहे हे लक्षात आहे. हसावं की रडावं कळेना, म्हणून हो, झालं छापून, असं सांगितलं. हिंदूराव हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, रांगेत असलो तरी नावानं हाक मारतात. त्या म्हणाल्या, ज्या घराला यांचा हात ओळखतो त्याच घरात यांना ठेवा, जागा बदलली तर उभ्या राहायच्या नाहीत. मी मान डोलावली. त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

आता ज्याबद्दल तू मला बोलूच देत नाहीस ते, दोन जानेवारीचं. तुझ्या फरीदाबादच्या वृद्धाश्रमात काम करणारी तुम्ही पंधरा माणसं मिशनच्या गाडीतून आलात तेव्हा मला काहीच कल्पना नव्हती. नेहमीसारखी तुमची नावं पुकारली गेली. नेहमीसारखे तुम्ही वेदीपुढे गुडघे टेकलेत. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनानंतर, चर्चच्या पगारावरची, चुकलो, मानधनावरची सगळी माणसं तिथे वेदीवरच आपापल्या समर्पणपत्रावर सही करतात आणि मंडळी उभी राहून गीत गाते. यंदा तुम्ही पंधरा कोरी पत्रं वेदीवर ठेवलीत आणि त्यांच्यावर तुमचं निवेदन ठेवलंत. नेमणूकपत्र द्या, प्रॉव्हिडंट फंड द्या, ग्रॅच्युइटी द्या, आजारपणाची रजा द्या. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना काय करावं कळेना. पेटी वाजवणाऱ्यानं गीत संपल्यावर पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं. मी तिसऱ्या बाकावर आईशेजारी होतो. तू वळून माझ्याकडे पाहिलंस आणि मी डोळे मिटून प्रार्थना करतोय असं दाखवलं. मी प्रार्थना करत नव्हतो. बाहेर अंगणातही मी तुझ्याशी बोललो नाही, आईला रिक्षात बसवायच्या गडबडीत असल्यासारखा वागलो. तुला वाटलं असेल बाबांना लाज वाटली. वाटली, पण तुझी नाही. ज्या कागदावर तू सही केली नाहीस, त्याचा मजकूर माझा आहे. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय.

हे कसं झालं ते सांगायला मागे जावं लागेल. त्र्याहत्तरमध्ये मी नगरहून आलो तेव्हा भालचंद्र आणि मी आर. के. पुरममध्ये एका साहेबांच्या गॅरेजात राहत होतो. दोघांनी केंद्र सरकारची कारकुनाची परीक्षा दिली, दोघं पास झालो, दोघांना एकाच आठवड्यात नेमणुकीची पत्रं आली. मी तोवर संध्याकाळी चर्चच्या ऑफिसात टायपिंग करायला जायचो, फुकट. तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी माझं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "सूर्यकांत, सरकारला कारकून हजार मिळतील." एवढंच म्हणाले बिचारे. मी ते पत्र घेऊन मंत्रालयात गेलोच नाही. भालचंद्रनं मला शिव्या घातल्या, तू यार बिल्कुल पागल आहेस, म्हणाला. तो दोन वर्षांपूर्वी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला. त्याला पेन्शन आहे, त्याची बायको आजारी पडली की सरकारी दवाखान्याचं कार्ड दाखवते. मला त्याचा हेवा वाटत नाही, असं मी पस्तीस वर्षं सांगत आलो. वाटतो, वृंदा. परवा त्यानं गुडघ्याचं ऑपरेशन कसं एक पैसा न देता झालं ते सांगितलं, तेव्हा मला त्याचा गुडघा फोडावासा वाटला.

पण त्या वेळी खरंच आनंद होता, तो खोटा नव्हता, हे तुला कळायला हवं. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात तुला विषमज्वर झाला. तू सात वर्षांची होतीस. एकोणीस दिवस हिंदूरावमध्ये होतीस, आणि बाराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं होतं. त्या एकोणीस दिवसांत आमच्या घरात चूल पेटली नाही, आणि आम्ही एकदाही उपाशी झोपलो नाही. मंडळीतल्या बाया पाळी लावून डबे आणत. गुणवंत, आपला घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा, सायकलवरून माझ्यासाठी रोज चहाची किटली घेऊन यायचा. तू वाचलीस. नाताळ होऊन गेला होता, नवं वर्ष चार दिवसांवर होतं, आणि पाद्रीसाहेबांनी मला सांगितलं की समर्पणाच्या रविवारी सेवकांसाठी काहीतरी मजकूर पाहिजे, इंग्रजीतला जुना कुणाला समजत नाही. मी तुझ्या खाटेशेजारी बसून लिहिला. आधी मराठीत, मग मंडळीसाठी हिंदीत केला. 'मी माझी सेवा प्रभूला वाहिली आहे. ती माझ्या इच्छेने वाहिली आहे. तिचं मोल मी माणसांकडे मागणार नाही.' तू श्वास घेत होतीस, मी ऐकत होतो आणि लिहीत होतो. माझ्याकडे द्यायला दुसरं काही असतं तर ते दिलं असतं. त्या रविवारी तू पितळी ताटातून ती पत्रं वेदीपाशी नेलीस, हाडांचा सापळा झाली होतीस, फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. मंडळीत एक डोळा कोरडा नव्हता. मजकूर सगळ्यांना इतका आवडला की पुढच्या वर्षी छापून घेतला, आणि दरवर्षी सही घ्यायची असं ठरलं.

पाळकांना पेन्शन आहे, राहायला घर आहे, आजारपणाला निधी आहे, कारण त्यांची दीक्षा झालेली असते आणि ते बिशपसाहेबांच्या यादीत असतात. आपण यादीबाहेरचे. कारकून, आया, स्वयंपाकी, चौकीदार, पेटीवाले. आपल्याला मानधन मिळतं, वाढलं तर कृपेनं वाढतं, आणि निवृत्तीला शाल मिळते. मी बरीच वर्षं यात वावगं काही पाहिलं नाही. मला ते गुणवंतनं दाखवलं, म्हणजे त्याच्या पडण्यानं दाखवलं.

चौऱ्याण्णवच्या नाताळात तो चर्चच्या शिखरावर तारा लावायला चढला आणि शिडीवरून खाली आला. कमरेखालचं सगळं गेलं. तुला आठवत असेल, तू कॉलेजात होतीस. दोन रविवार दानपेटी त्याच्यासाठी फिरवली, तिसऱ्या रविवारी छपराच्या दुरुस्तीसाठी. त्याची बायको अहिल्या कुणा वकिलाला भेटली आणि चर्चला नोटीस आली, की हा तुमचा नोकर होता, कामावर असताना पडला, भरपाई द्या. चर्चच्या कमिटीच्या वकिलानं मला बोलावलं आणि विचारलं, हा माणूस नोकर नव्हता असं दाखवणारा काही कागद आहे का? वृंदा, मी विचारसुद्धा केला नाही. मी कपाटापाशी गेलो, आणि दोन मिनिटांत, घड्याळ लावून दोन मिनिटांत, पंच्याऐंशीपासूनची गुणवंतच्या सहीची दहा समर्पणपत्रं काढून टेबलावर ठेवली. वर्षवार लावलेली. वकील म्हणाला, "वाह साल्वेजी, फाइलिंग हो तो ऐसी." आणि मला बरं वाटलं. माझी मान ताठ झाली. ते कशासाठी मागितलेत हे मला घरी जाताना जिन्यावर कळलं. मोल माणसांकडे मागणार नाही, खाली गुणवंतची सही, दहा वेळा. त्याला वाचता जेमतेम यायचं. पहिल्या वर्षी मीच त्याला तो मजकूर वाचून दाखवला होता, आणि ऐकून तो रडला होता.

मी कमिटीला सांगू शकलो असतो की हा मजकूर प्रार्थना म्हणून लिहिलाय, करार म्हणून नाही, लिहिणारा मीच, मला साक्षीला उभं करा. मी सांगितलं नाही. राहायचं क्वार्टर चर्चचं, तुझी फी भरायची होती, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलं नाही. अहिल्याच्या वकिलानं हात वर केले. ते दोघं गावी गेले. जायच्या दिवशी ती ऑफिसात निरोप घ्यायला आली. भांडली असती तर मला सोसलं असतं. पत्रांवरची नावं मी माझ्या हातानं भरायचो ना, ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं अक्षर फार सुरेख आहे," आणि गेली. गुणवंत पुढे चार वर्षं जगला असं ऐकलं. मी भेटायला गेलो नाही. पुढच्या जानेवारीत मी पुन्हा नावं भरली. त्याच्या पुढच्याही. दोन हजार साली तुझं पहिलं समर्पणपत्र आलं, त्यावरही तुझं नाव मीच लिहिलं. तेव्हा तुला थांबवायला हवं होतं. तू इतकी खूश होतीस, आणि मला वाटलं, काळ बदललाय, शिकलेली मुलगी आहे, हिच्या वाटेला तसं काही येणार नाही. हे मला खरंच वाटलं की वाटून घेतलं, याचा छडा मला अजून लागलेला नाही.

तेव्हा तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी लिहून देतो. तुझ्या आश्रमातला तो श्याम रात्रपाळीला एकटा अकरा म्हाताऱ्यांना उचलतो, कूस बदलवतो, आणि स्वतःच्या मुलाला ताप आला तर त्याला एका दिवसाची रजा मागताना हात जोडावे लागतात. हे प्रभूला आवडत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही पंधरा जण टिकलात तर चर्चला द्यावंच लागेल, हे कमिटीलाही कळलंय. त्यांच्या वकिलानंच तसं सांगितलंय म्हणे, की अकरा वर्षांच्या सह्या आहेत त्या ठीक, पण बारावी नाही आणि वर लेखी मागणी आहे, तर हे लोक आता नोकरच धरले जातील. आणि हेही सगळ्यांना माहीत आहे, की बाकीचे चौदा तुझ्याकडे पाहतात. तू उभी आहेस म्हणून ते उभे आहेत.

आता घराचं. वीस जानेवारीला मला चिठ्ठी आली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, क्वार्टर नव्या कारकुनाला हवं, तरी एकतीस मार्चपर्यंत रिकामं करावं, आजवरच्या सेवेबद्दल आभार. नमुना माझाच. 'आजवरच्या सेवेबद्दल' हे शब्द मीच एकोणऐंशी साली एका आयाला पाठवायच्या चिठ्ठीत घातले होते, नुसतं 'रिकामं करा' बरं दिसत नाही म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच दोन जानेवारीशी त्याचा संबंध जोडला असतास, आणि तो होताच. त्या दिवसापासून मी जागा शोधतोय. बुराडीला एक पाहिली, तिसरा मजला, जिना असा की मलाच धाप लागली. लोणीला एक तळमजल्यावर होती, पण मोरी अंगणापलीकडे. दोन ठिकाणी घरमालकानं आडनाव विचारलं, मग कुठलं चर्च, मग जागा गेलीय म्हणाला. नगरला आता कुणी नाही. तुझ्याकडे यावं तर तुझी खोलीही मिशनचीच, आणि आज ना उद्या तुलाही अशीच चिठ्ठी येईल. मी एकटा असतो तर भालचंद्रच्या गॅलरीत पथारी टाकली असती. पण तुझ्या आईला तेरा पावलांची एकच वाट माहीत आहे, आणि ती या घरात आहे. एकदा मी पलंग हातभर सरकवला, झाडायला म्हणून. ती भिंत शोधत मध्येच उभी राहिली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. मी पलंग परत होता तिथे ओढला.

शुक्रवारी संध्याकाळी कमिटीचे ट्रेझररसाहेब आले होते. संत्री घेऊन. स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यामुळे पेन्शन म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चांगली केली. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "साल्वेजी, घर तो आपका ही है। जब तक आप दोनों हैं, तब तक। बस बिटिया को समझा दीजिए।" तू सही केलीस तर बाकीचे करतील, असं त्यांना वाटतं, आणि त्यांचं खरं आहे. निवेदन मागे घेतल्याचं एक वाक्य नव्या पत्रात हवं. वकिलानं ते इंग्रजीत करून दिलं होतं, अगदी कोरडं, कुणीही बिचकेल असं. ट्रेझररसाहेब म्हणाले, तुमच्यासारखं कुणाला लिहिता येतं? मी नाही म्हणालो, वृंदा. एकदा म्हणालो. मग काल सकाळी आई मोरीकडे जाऊन एकटी परत आली, पलंगावर बसली आणि चक्क हसली, आणि मी टेबलापाशी जाऊन बसलो. तासाभरात झालं. चांगलं झालंय, वाचताना गळा दाटेल इतकं चांगलं. या पत्राच्या मागे ते जोडलं आहे. तुझं नाव मी वर लिहिलंय, आणि खाली सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली केली आहे. इतकी पानं मी तुला नको करू म्हणून सांगत आलो, ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण एकतीस मार्चला सहा आठवडे उरलेत. सही कर, बाळ. श्यामला आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. त्यांना माझं नाव सांग.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा